दुष्काळातलं न्हाण

“आगं ये चांगुणा! भाईर ये की! तुपली लेक शहाणी झाली गं!”

सुलाआत्याचा तो आवाज. काट्यांच्या कुपाटीवरून होल्यांचा थवा भर्रकन उठावा तसा तो उठला आणि साऱ्या वस्तीवर जाऊन बसला. आत्याला जाऊन किती वर्षं झाली. तिचं तोंड आठवायचं म्हटलं तर आता नीट आठवत नाही. आवाज मात्र आहे तसा आहे.

बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरात शिरला होता तेव्हाची गोष्ट. पालमहून तीन कोसांवरचं आमचं गाव. मला बारा सरून तेरावं लागलेलं. मी सातवीत होते आणि उन्हाळ्यात बोर्डाची परीक्षा द्यायला पालमला जाणार होते. आमच्या घरातून परीक्षेला एस्टीनं जाणारी मी पहिलीच. बा, म्हणजे माझा बाप आश्रुबा, दुष्काळी कामावर खडी फोडायचा आणि दुपारच्या सुट्टीत सांगायचा, “सत्यशीला मपली पालमला पेपर लिव्हणार हाय.”

त्या साली अंघोळ म्हणजे ओलं फडकं. ते अंगावरून फिरवायचं, झालं. त्यानं सगळ्या लेकरांच्या अंगावर खरूज उठली. माझ्या बोटांच्या बेचक्यात आणि ढोपरांवर फोड आले, पिकले, वाहिले आणि मग वाळून त्यांच्या खपल्या गळाल्या. खपल्या गळून पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा लघवीचा रंग बदलला. आधी नुसती गढूळ. मग बिनदुधाच्या चहासारखी. त्या सकाळी आत्याबरोबर कुपाटीमागं गेले तेव्हा तर पाण्यात गेरू कालवावा तशी.

पांढऱ्या भुईवरचा तो तांबडा ओघळ मी पाहिला आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या आत्यानंही पाहिला. तो कुठून आला ते मला ठाऊक होतं. मी “आत्याबाई, हे…” एवढं म्हणाले, तोवर ती ओरडून मोकळी झाली होती.

गेलेल्या माणसाला परत बोलावता येतं. बातमीला येत नाही. मी घरात पोचायच्या आत बायका दारात जमल्या होत्या. कस्तुराबाई, आमची शेजारीण, कमरेवर हात ठेवून हसत होती. “आवं सुलाबाई, जिमिनीला पाण्याचा थेंब न्हाई आन् तुमच्या भाचीला बहर आला की!”

“येनारच,” आत्या म्हणाली. “भाची कुनाची?”

मला धान्याच्या कणगीमागच्या कोपऱ्यात पोत्यावर बसवलं. कणगी रिकामी होती. आत्यानं चुलीतली राख मुठीत घेतली आणि पोत्याभोवती रेघ ओढली. “पाच दिस ही रेघ वलांडायची न्हाई. भाईर जायचं तर मला हाक मार. कुनाला शिवू नगं. वहीला बी न्हाई, पुस्तकाला बी न्हाई.”

बा संध्याकाळी खडीवरून आला. डोक्याला गुंडाळलेलं फडकं सोडता सोडता त्यानं ती रेघ पाहिली आणि मग भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं पाहिलं. “आक्का, हे सम्दं आपुन सोडलंय नव्हं? सतरा वर्सं झाली. पुन्यांदा राख कामून?”

“धर्म बदलला, आश्रुबा. पोरीची जात बदलली का?” आत्या म्हणाली. “न्हाण बुद्धाच्या लेकीला बी येतं आन् इठोबाच्या बी. तू खडी फोड, हे बायांचं हाय.”

बानं हातातलं फडकं खुंटीला अडकवलं. आत्या थोरली होती, तिनं त्याला कडेवर वाढवलं होतं. आणि शिवाय आत्या गंगाकाठची होती.

गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. आत्याचं सासर तिच्या काठावर. त्या साली आमच्याकडच्या विहिरींचा तळ दिसत होता, तेव्हा आत्याच्या गावात वाळू हातभर उकरली की पाणी लागायचं. काठाला वांगी होती, मेथी होती. ती आमच्याकडं आली तेव्हा गाठोड्यात गूळ, बाजरीच्या खारोड्या आणि लोणचं घेऊन आली होती, आणि मनात लिंबाजीला. लिंबाजी तिचा धाकटा लेक, अठराचा. “भावाची लेक बहिणीच्या घरात,” हे ती मी रांगत होते तेव्हापासून म्हणायची. माय दरवेळी म्हणायची, “शिकू द्या की वन्सं, पोर हुशार हाय.” आता आत्याला आमच्या कुपाटीमागंच पुरावा सापडला होता. आत्यानं पहिल्याच संध्याकाळी गाणं धरलं.

शेवंती उमलली गं, काटेरी कुंपणाला
सांगावा धाडा बाई, मुलीच्या आत्याला

“धाडायचा कशाला, आत्या हितंच बसलीय!” कस्तुराबाई म्हणाली आणि बायका हसल्या. मीही हसले. काय करणार? सगळे हसत असताना कोपऱ्यातल्या माणसानं तोंड पाडून बसलं तर ते दिसतं.

पाचव्या दिवशी न्हाण घालायचं ठरलं आणि त्यानंतर तिथंच सुपारी फोडायची, म्हणजे मी लिंबाजीची. बानंही मान डोलावली. ठरवताना कुणी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? ‘हे ते नाही’ एवढं सांगायला मला एक शब्द हवा होता आणि तो माझ्याकडं नव्हता. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात मूत्रपिंडाचं चित्र होतं, घेवड्याच्या दाण्यासारखं. पण त्या चित्राखाली गुरुजींनी कधी बोट ठेवलं नव्हतं. “हे घरी वाचा,” म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी पाण्याची गोष्ट निघाली. न्हाणाला पाणी हवं. वस्तीची विहीर आटलेली. ओढ्यात झरे खोदून वाटीवाटीनं भरायचं. कस्तुराबाई दारोदार फिरली आणि ज्यानं त्यानं एकेक तांब्या द्यायचं कबूल केलं. कुणी त्या दिवशी डाळ शिजवणार नव्हतं, कुणी म्हैस अर्धीच पाजणार होतं. एका म्हातारीनं आपल्या नातवाचं तोंड धुवायचं पाणी आणून रांजणात ओतलं आणि रेघेपलीकडून मला म्हणाली, “माय माझी, साता जल्माची पुण्याई हाय तुपली, दुष्काळात न्हातीस.”

रांजणात पाणी पडल्याचा आवाज मी कोपऱ्यातून ऐकायची. एक तांब्या. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक तांब्यासरशी माझं तोंड अजून घट्ट शिवलं जायचं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर फक्त आत्या खोटी पडली असती. आता सगळी वस्ती खोटी पडली असती.

तांब्या तांब्या पाणी गं, वस्तीनं येचलं
लेकीच्या न्हाणासाठी, तळाचं खेचलं

तिसऱ्या दिवशी उठले तर डोळे उघडेनात. पापण्या जड, गाल टम्म. हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या तोंडाला हात लावल्यासारखं वाटलं. आत्यानं माझी हनुवटी धरून उजेडाकडं फिरवली.

“बघा गं बघा! रूप चढायलंय पोरीला! कालपरवापतुर कशी वाळल्या शेंगंवानी व्हती.”

खरंच, दुष्काळात सगळ्यांचे गाल बसले होते. त्या वस्तीत फक्त माझं तोंड भरलं होतं. पायांतले वाळे घोट्यात रुतून बसले. तिथं बोट दाबलं की खळगा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. मला ती गंमत वाटली. मी पायावर बोटानं ओळीनं पाच खळगे पाडले आणि ते भरून येईपर्यंत बघत बसले. पुस्तक नव्हतं, दुसरं काय वाचणार?

आत्या जेवायला घालायची ते मनापासून. भाकरी, त्यावर गूळ, संगं मिठाच्या खारोड्या आणि लोणच्याची फोड. “खा, सासरी गेल्यावर म्हनू नगं आत्यानं उपाशी मारलं.” खारं खाल्लं की तहान लागायची. पाणी प्यायले की वाटायचं, हा कुणाचा तांब्या? आणि इतकं पिऊनही लघवी मात्र दिवसातून एकदा-दोनदा, ओंजळभर, तांबडी.

मायचं काय चाललं होतं ते मला कळत नव्हतं. ती सकाळी मला जुन्या लुगड्याची घडी द्यायची आणि संध्याकाळी ती घडी टोपलीत, वर गवत टाकून, ओढ्याकडं धुवायला न्यायची. घडी कोरी असायची. दिलेली तशी. रक्त फक्त लघवीतून येत होतं. एरवी अंगावर एक डाग नव्हता. मला वाटायचं, आज माय विचारेल. ओढ्यावरून परत येईल, टोपली ठेवील, रेघेपाशी बसेल आणि म्हणेल, ‘सत्या, हे कसं गं?’ मी त्या प्रश्नाची वाट बघत होते. पण ती यायची, धुतलेली घडी वळचणीला वाळत घालायची आणि चुलीपाशी वळायची.

चौथ्या दिवशी दुपारी आत्या शेजारी गेली होती. घरात मी आणि माय. डोकं असं ठणकत होतं की जणू कुणी आतून खडी फोडतंय. मी म्हणाले, “माय, मला तुला एक सांगायचंय.”

ती ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

“बोलू नगं लय,” ती म्हणाली. “डोसकं दुखतंय नव्हं? पड जरा.”

“माय, ते रगत…”

“पड म्हनलं ना!”

माय माझ्यावर कधी ओरडत नसे. मी राखेच्या रेघेला तोंड लावून पडले. रेघ मोडायला एक फुंकर पुरली असती. मी तोंड मिटून घेतलं आणि नाकानं श्वास घेत राहिले.

पाचवा दिवस उगवला. अंगणात पाट मांडला. खाली मोठी परात, न्हाणाचं पाणीसुद्धा वाया जाऊ नये म्हणून. बायका गोल उभ्या राहिल्या. आत्याचा सांगावा मिळून तिचा नवरा आणि लिंबाजी सकाळच्या एस्टीनं आलेले. ते ओसरीवर बासोबत बसले होते, मधे सुपारी आणि नवं लुगडं. आत्यानं मला हाताला धरून रेघेबाहेर काढलं आणि उजेडात उभं केलं. सगळा उजेड पाण्यात पडलेल्या चेहऱ्यासारखा हलत होता. कस्तुराबाई मला एकीच्या दोन दिसत होत्या.

पहिला तांब्या डोक्यावर पडला. गार. दुसरा पडला आणि माझ्या पोटातून सगळं वर आलं. गूळ, खारोड्या, पाणी, सगळं त्या परातीत. मग अंगण वर उचललं गेलं आणि माझ्या अंगावर आलं.

“वारं लागलं पोरीला!” कुणीतरी म्हणालं. “लिंबू आना, लिंबू!”

“लिंबू न्हाई का फिंबू न्हाई,” बाचा आवाज. पाच दिवसांत पहिल्यांदाच मोठा. “डाक्टर.”

बैल चाऱ्याच्या छावणीत होते, त्यामुळं बैलगाडी नव्हती. बानं मला पाठुंगळी घेतलं आणि फाट्यापर्यंत पळत आला. मागून माय, तिच्यामागून नवं लुगडं काखेत मारलेली आत्या. पालमची एस्टी मिळाली. कंडक्टरनं पुढची सीट रिकामी करून दिली. परीक्षेला मी ह्याच गाडीनं जाणार होते. खिडकीतून सगळं पांढरं रान मागं पळत होतं आणि मला ते नीट दिसतही नव्हतं.

शिवमूर्ती डॉक्टरांचा दवाखाना बाजारात, एका किराणा दुकानाच्या शेजारी. गळ्यात चांदीचं लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी पापणी ओढून पाहिली, घोट्यावर बोट दाबलं आणि खळग्याकडं बराच वेळ पाहत राहिले. दंडाला पट्टा बांधून हवा भरली, काट्याकडं पाहिलं, तोंडानं ‘च्’ केलं.

“लघवी कशी होते हिला?”

“आवं डॉक्टरसाब, शहाणी झाली ती,” आत्या मधेच म्हणाली. “आज पाचवा दिस. न्हाताना वारं लागलं, दुसरं काय न्हाई. एक सुई मारा, आमाला कार्य उरकायचंय.”

डॉक्टरांनी मायच्या हातात काचेची बाटली दिली आणि पडद्याकडं बोट केलं. पडद्याआडून बाटली आली तेव्हा त्यांनी ती खिडकीपुढं धरली. धुरकट, तांबूस, तळाला गाळ. मग त्यातली थोडी काचेच्या नळीत ओतून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. वरचं पाणी तापलं आणि बघता बघता पांढरं झालं, दूध नासावं तसं.

“बेटा,” डॉक्टर मला म्हणाले, “हे रक्त कुठून येतं ते घरातल्या कुणाहूनही तुला जास्त ठाऊक आहे. खरं सांग.”

पाच दिवसांत मला कुणी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. मी आत्याकडं पाहिलं नाही. मायकडं पाहिलं नाही. त्या पांढऱ्या झालेल्या नळीकडं पाहून म्हणाले, “लघवीतून. निसतं लघवीतूनच. पहिल्यापून.”

“खोटं बोलायलीय!” आत्या उसळली. “भ्यालीय ती सासरला! मपल्या डोळ्यांनी बघितलंय म्या!”

“तुम्ही रक्त बघितलं, बाई. ते कुठलं ते बघितलं नाही.” डॉक्टर शांतपणे म्हणाले. मग त्यांनी बाला विचारलं. “हिला फोड झाले होते का अंगावर? दोन-तीन हप्त्यांपूर्वी?”

“व्हते जी. सम्द्याच लेकरांला व्हते.”

डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या माठाकडं हात केला. माठाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं होतं. “झऱ्याचं पाणी तुम्ही फडक्यानं गाळता ना? तसं रक्त गाळायला माणसाच्या पाठीत दोन बाजूंना दोन मूत्रपिंडं असतात. घाण आणि जास्तीचं पाणी खाली उतरतं, ती लघवी. रक्त परत अंगात. आता त्या फोडांत जंतू होते. अंगानं त्यांच्याशी लढाई केली, जिंकली, फोड वाळले. पण लढाईतला कचरा रक्ताबरोबर वाहत आला आणि ह्या गाळणीत येऊन बसला. गाळणी सुजली. पाणी खाली उतरेना, म्हणून ते हिच्या तोंडावर चढलं, पायांत उतरलं. रक्ताचा दाब वाढला, म्हणून डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. आणि सुजलेलं फडकं जागोजाग विरलं. विरलेल्या फडक्यातून काय होतं?”

“गाळ खाली येतो,” बा म्हणाला.

“तसंच. रक्तातले तांबडे कण गाळणीच्या वर राहायचे, ते खाली आले. लघवी तांबडी झाली.”

माय भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

“म्हंजी ते रूप…” बा म्हणाला.

“सूज होती. मीठ आजपासून बंद. लोणचं, खारोड्या काही नाही. पाणी मोजून. पेनिसिलिनची सुई देतो. आज इथं ठेवू, उद्या पहिल्या गाडीनं परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, चिठ्ठी देतो. जपलं तर लेकरं ह्यातून बहुतेक बरी होतात.”

बहुतेक. मी तो शब्द मनात दोनदा म्हटला.

आत्या बाकावर बसली होती. ती वाईट बाई नव्हती. तिनं माझ्या सुजलेल्या पायांवर हात ठेवला होता. पण तिनं मांडीवरचं लुगडं काही खाली ठेवलं नाही.

“असंल,” ती म्हणाली. “गाळणीचं बी असंल, डॉक्टरसाब. आमी अडानी. बरी करू की पोरीला, मपल्या घरी निऊन करू, तिथं दूध हाय, पानी हाय. पन न्हाण आलंय ते आलंय. दोन्ही संगं आलं असंल. शबूद दिलाय आश्रुबानं. ह्या महिन्यात नेनार म्हंजी नेनार.”

बानं डॉक्टरांकडं पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, “हे मला नळीत दिसत नाही. घरातल्या बाईलाच ठाऊक असणार.”

“हाय की घरातली बाई,” आत्या म्हणाली. “पाच दिस घड्या हिच्या मायनं धुतल्यात, म्या न्हाई. सांग गं चांगुणा. सांग ह्यांना.”

मायनं तोंडातला पदर काढला. पुन्हा धरला. बाहेर बाजारात कुणीतरी वांग्याचा भाव ओरडत होतं. मला मायचं तोंड नीट दिसत नव्हतं, डोळ्यांपुढची झापड अजून गेली नव्हती. ती माझ्या खाटेपाशी आली आणि माझ्या डोक्याशी खाली बसली, पण बोलली ती आत्याशी.

“कोऱ्या व्हत्या, वन्सं.”

“काय?”

“घड्या. पहिल्या दिसापून. एकीला डाग न्हवता. म्या कोऱ्याच ओढ्यावर न्यायची, कोऱ्याच धुवायची आन् वळचणीला वाळू घालायची, तुमाला दिसाव्या म्हनून.” तिनं माझ्या कपाळावरचे केस मागं सारले. “पोर सांगाया लागली तर तिला दाबली म्या. मला वाटलं, पोरीचं न्हाण तर न्हाई ते न्हाई, पन तुमी घिऊन तर जाल. तुमच्या गावाला गंगा हाय, वन्सं. हितं पोरीला द्याया मपल्याकडं तांब्याभर पानी न्हवतं.”